एकशेवीसचा रोल

स्मरणिकेसाठी जुने फोटो पाठवा, असे आवाहन संपादक मंडळाने केले आणि तुम्ही सर्वांनी ते मनावर घेतलेत. फोटो भरपूर आले. अडचण एवढीच, की त्यांतल्या बहुतेकांच्या मागे ना नाव, ना साल. पाठवणाऱ्याला विचारले तर ‘आपल्याच वेळचा आहे’ एवढे उत्तर मिळते, आणि आपल्या शाळेत ‘आपली वेळ’ तर प्रत्येक तुकडीची वेगळी. अशा वेळी फोटोतल्या चेहऱ्यांऐवजी फोटोच्या मापाकडे पाहिले तर पुष्कळ काही कळते.

आलेल्या फोटोंचे तीन ढीग झाले. पहिल्या ढिगात जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले वर्गाचे ग्रुप फोटो: मधल्या खुर्च्यांवर गुरुजन, मागे बाकांवर चढलेली उंच मुले, पुढे मांडी घालून बसलेली लहान मुले, खाली छापलेली नावे. तिसऱ्या ढिगात पोस्टकार्ड आकाराचे रंगीत फोटो, स्नेहसंमेलनाचे आणि सहलींचे, ऐंशीच्या दशकानंतरचे. या दोहोंच्या मधला ढीग सर्वांत मोठा निघाला. त्यात सगळे काळे-पांढरे, तळहातात मावणारे आणि बरोबर चौकोनी फोटो. बाजूची पांढरी किनार सोडली तर सव्वादोन इंच लांब आणि तेवढेच रुंद. काहींच्या कडा नागमोडी कातरलेल्या, काहींच्या कोपऱ्यांना अल्बमचे काळे कागदी त्रिकोण अजून चिकटलेले. जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या, म्हणजे १९७५ पूर्वी शाळा सोडलेल्या आपणा सर्वांचे शालेय आयुष्य बहुतेक करून या मधल्या ढिगात आहे.

हे चौकोन ज्या फिल्मवर निघाले तिला दुकानात ‘वन-ट्वेंटी’ म्हणत. घरी आपण ‘एकशेवीसचा रोल’ किंवा नुसता ‘बारा फोटोंचा रोल’ म्हणायचो. पुढे छत्तीस फोटोंचा रोल आला, तेव्हा हा ‘मोठा रोल’ झाला आणि तो ‘छोटा’. संख्येने तिप्पट फोटो देणारा रोल छोटा कसा, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. पण १२० म्हणजे काय, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे. कारण त्या रोलमध्ये १२० असे काहीच नाही. फोटो निघायचे ते १२, ८ किंवा १६. पट्टीची रुंदी साधारण ६ सेंटिमीटर. लांबी मीटरहून कमी. मग हा आकडा आला कोठून?

त्यासाठी अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावी जावे लागते. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये ‘कोडॅक’ नावाचा कॅमेरा विकायला काढला. त्यात १०० फोटोंची फिल्म भरलेली असे. फोटो संपले की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा; तेथे फिल्म धुऊन, फोटो छापून, नवी फिल्म भरून तो परत यायचा. याचे कारण साधे होते. फिल्म भरायची आणि काढायची तर अंधारी खोली लागे, आणि ती सामान्य माणसाच्या घरी नसे.

ही अडचण बोस्टनच्या सॅम्युअल टर्नर यांनी सोडवली. १८९२ च्या त्यांच्या ‘बुल्स-आय’ कॅमेऱ्यात फिल्मच्या पाठीला काळ्या कागदाची लांब पट्टी होती. कागद फिल्मपेक्षा लांब असल्याने रीळावर त्याचेच वेढे बाहेर राहत आणि उजेडातही रोल भरता येई. कागदाच्या पाठीवर आकडे छापलेले आणि कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला त्या आकड्यांसाठी छोटी लाल खिडकी. ईस्टमन यांनी १८९५ मध्ये टर्नर यांची कंपनीच विकत घेतली. आपल्यापैकी ज्यांनी डब्यासारखा कॅमेरा हाताळला आहे, त्यांना ती खिडकी आठवेल. चावी फिरवत राहायचे, आधी ठिपके किंवा बाण दिसायचा, मग आकडा सरकत येऊन खिडकीच्या मध्यावर थांबवायचा. खिडकी लालच का? तेव्हाच्या फिल्मला लाल उजेड ‘दिसत’ नसे, म्हणून लाल काचेतून आत गेलेल्या उजेडाने ती खराब होत नसे. पुढे सर्व रंग टिपणारी फिल्म आली, तेव्हा खिडकीला सरकते झाकण बसवावे लागले. पण खिडकी लाल राहिली ती राहिलीच.

कॅमेरे वाढले तसे रोलचे आकारही वाढले. सुरुवातीला अमुक कॅमेऱ्याचा रोल अशीच त्याची ओळख असे. पण एकच रोल दोन-तीन कॅमेऱ्यांत बसू लागला, तेव्हा दुकानदारांचा गोंधळ होऊ लागला. म्हणून १९१३ च्या सुमारास कोडॅकने सगळ्या रोलना नंबर दिले. १८९५ चा रोल १०१, आणि मग साधारणपणे जसजसे बाजारात आले तसतसे पुढचे नंबर. १९०० मध्ये एका डॉलरला मिळणारा ‘ब्राउनी’ नावाचा पुठ्ठ्याचा कॅमेरा निघाला होता. त्याच्या रोलला ११७ नंबर मिळाला. १९०१ मध्ये दोन डॉलरचा ‘नंबर टू ब्राउनी’ आला होता. त्याच्या रोलच्या वाट्याला १२० आला. १९१२ च्या ‘व्हेस्ट पॉकेट कोडॅक’च्या चिमुकल्या रोलला १२७. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या खिशात गेलेला आणि १९२४ मध्ये एव्हरेस्टवर मॅलरी व अर्विन यांच्याजवळ होता असे मानले जाणारा कॅमेरा तो हाच.

म्हणजे १२० हे माप नाही. तो हजेरीपटावरचा नंबर आहे. आपल्या शाळेत एखाद्याचा रोल नंबर २३ असला म्हणून तो मुलगा तेवीस असायचा नाही; तसेच हे. गंमत अशी, की हजेरीपटावरचे इतर बहुतेक नंबर शाळा सोडून गेले, आणि १२० मात्र सव्वाशे वर्षांनंतर आजही वर्गात बसला आहे. नावेही देशपरत्वे वेगळी झाली. जर्मनीत अॅग्फाच्या पद्धतीने त्याला ‘बी-टू’ म्हणत. जपानमध्ये मूळ कॅमेरा केव्हाच गेला, पण रोलला अजूनही ‘ब्राउनी’च म्हणतात. आणि आपण, व्यवहारी माणसे, त्यातून किती फोटो निघतात ते पाहून ‘बाराचा रोल’ म्हणून मोकळे झालो.

पण तो मुळात बाराचा नव्हता. नंबर टू ब्राउनीचे फोटो आयताकृती असत, सव्वातीन बाय सव्वादोन इंचांचे. आजच्या हिशेबाने एका रोलवर असे ८ बसतात. चौकोनी फोटो लोकप्रिय केला तो जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावच्या फ्रँके आणि हायडेके या कंपनीच्या ‘रोलायफ्लेक्स’ने. एकावर एक दोन भिंगे असलेला हा कॅमेरा १९२९ मध्ये आला. वरच्या भिंगातून बघायचे आणि खालच्यातून फोटो निघायचा. तो छातीशी धरून वरून बघत असल्याने आडवा धरणे गैरसोयीचे. म्हणून फोटोच चौकोनी केला, म्हणजे उभे-आडवे करण्याची कटकट नाही. पहिल्या रोलायफ्लेक्सला ११७ चा रोल लागे आणि त्यावर ६ फोटो निघत. १९३२ पासून तो १२० वर आला आणि फोटो १२ झाले. पुढे रोलच्या कागदावर आकड्यांच्या तीन रांगा छापल्या जाऊ लागल्या: ८ फोटोंची, १२ ची आणि १६ ची. कॅमेऱ्याची लाल खिडकी ज्या रांगेवर, तेवढे फोटो.

होमाई व्यारावाला यांचे नाव येथे घ्यायलाच हवे. नवसारीत १९१३ मध्ये जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांच्या हातात बरीच वर्षे रोलायफ्लेक्स होता. नेहरूंचे, स्वातंत्र्याच्या सोहळ्यांचे, परदेशी पाहुण्यांचे त्यांचे फोटो आपण पाठ्यपुस्तकांत आणि मासिकांत पाहिले आहेत. १२ फोटो झाले की रोल बदलायचा, तोही गर्दीत उभे राहून. एवढ्या मर्यादेत ते काम झाले, हे आज हातातल्या फोनवर एका मिनिटात ४० फोटो काढणाऱ्या आपल्या नातवंडांना सांगण्यासारखे आहे.

मापांच्या नावांचीही एक मजा आहे. आपल्या पहिल्या ढिगातले ग्रुप फोटो काचेच्या प्लेटच्या किंवा मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्याने काढलेले. तिपाईवरची ती लाकडी पेटी, फोटोवाल्याच्या डोक्यावरचे काळे फडके. त्यांची मापे ‘फुल प्लेट’, म्हणजे ८.५ बाय ६.५ इंच, ‘हाफ प्लेट’, ६.५ बाय ४.७५ इंच, आणि ‘क्वार्टर प्लेट’, ४.२५ बाय ३.२५ इंच. या घराण्यात १२० चा फोटो म्हणजे क्वार्टर प्लेटहूनही लहान, अगदीच किरकोळ पोर. मग १९२५ मध्ये जर्मनीतच ‘लायका’ आला. ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म साध्या कॅमेऱ्यात घातली. तिच्यावर २४ बाय ३६ मिलिमीटरचा एवढासा फोटो. लोकांनी त्याला ‘मिनिएचर’ म्हटले. १९३४ मध्ये कोडॅकने त्याच फिल्मची तयार डबी विकायला काढली आणि तिला नंबर दिला १३५. तोच आपला छत्तीस फोटोंचा छोटा रोल. या छोट्याच्या आगमनाने कालचा लहान १२० हळूहळू ‘मीडियम फॉरमॅट’ झाला. आणि आज डिजिटल कॅमेऱ्यांच्या दुकानात जाऊन पाहा. २४ बाय ३६ मिलिमीटरच्या त्याच मापाला आता ‘फुल फ्रेम’ म्हणतात. कालचा मिनिएचर आजचा फुल झाला. शाळेत नववीतल्या मुलाला आपण दादा म्हणायचो, तो किती वर्षांचा होता? शेजारी कोण उभे आहे यावर मोठेपण ठरते.

आता एक ताटातुटीची गोष्ट. १९३० च्या दशकाच्या आरंभी कोडॅकने ६२० नावाचा रोल काढला. फिल्म तीच, कागद तोच, आकडे तेच. फरक फक्त रीळाचा: दांडा बारीक, कडेच्या चकत्या लहान. कॅमेरा थोडा सडपातळ करता येतो, हे त्याचे समर्थन होते. पण परिणाम असा, की ६२० च्या कॅमेऱ्यात १२० चा रोल बसेना आणि ग्राहकाला कोडॅककडेच जावे लागे. बाकीच्या जगाने ते मानले नाही. जर्मन, जपानी आणि इतर कंपन्या १२० वरच राहिल्या. १९९५ मध्ये कोडॅकने ६२० बंद केला. ज्या घरांत आजोबांचा ‘ब्राउनी सिक्स-ट्वेंटी’ होता, तेथे कॅमेरा धडधाकट आणि त्याला खायला काही नाही, अशी स्थिती आली. हौशी लोक अंधारात बसून १२० ची फिल्म जुन्या ६२० च्या रीळावर गुंडाळतात आणि तो चालवतात, ती गोष्ट वेगळी. १२० टिकला याचे मोठे कारण हेच, की तो कोणा एकाचा राहिला नाही. मालकाने नंबर दिला, पण वापर सर्वांनी केला.

आपल्याकडे १२० घरोघरी पोचवला तो ‘अॅग्फा क्लिक-थ्री’ने. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कारखान्यात तो तयार होई. बडोदे आणि कॅमेरा यांचे नाते तसे जुनेच. दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकले ते तिथल्या कलाभवनात, आणि होमाई व्यारावाला यांनी आयुष्याची शेवटची अनेक वर्षे त्याच शहरात काढली. क्लिक-थ्रीमध्ये करण्यासारखे फारसे काही नव्हतेच. ऊन की ढग एवढे ठरवायचे, खटका दाबायचा, चावी फिरवायची. त्याचा धाकटा भाऊ ‘आयसोली’ त्याच रोलवर ४ सेंटिमीटरचे १६ चौकोनी फोटो काढी. पैसे वाचवणाऱ्या घरांत तो असे. तुमच्या अल्बममध्ये नेहमीच्या चौकोनाहून लहान चौकोन दिसले तर ते बहुधा आयसोलीचे समजा.

रोल मात्र सहज मिळत नसे. फिल्म बाहेरून यायची, आणि परकीय चलनाची टंचाई असल्याने आयातीवर निर्बंध होते. त्या काळात पूर्व जर्मनीशी आपला व्यवहार रुपयांत चाले, म्हणून तिकडची ‘ओर्वो’ फिल्म दुकानात दिसे. ओर्वो ही मूळ अॅग्फाचीच, वोल्फेन गावच्या कारखान्यातली. महायुद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली, कंपनीचीही झाली. १९६४ मध्ये पूर्वेकडच्या कारखान्याने ओर्वो हे नाव घेतले. त्यामुळे पश्चिम जर्मनीच्या अॅग्फाचा कॅमेरा आणि पूर्व जर्मनीची फिल्म, असे दोन दुरावलेले भाऊ महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी एकाच डब्यात नांदत. उटीला सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली, १९६७ पासून तेथे उत्पादन सुरू झाले आणि ‘इंदू’ या नावाने आपली फिल्म बाजारात आली. तो कारखानाही पुढे बंद पडला.

इतिहास सांगून झाला. आता त्या मधल्या ढिगाकडे पुन्हा बघू या, कारण रोलने आपल्या आठवणींवर काय परिणाम केला ते तेथे दिसते.

पहिली गोष्ट, सगळ्यांचे डोळे बारीक. स्वातंत्र्यदिनाचा फोटो असो, सहलीचा असो की क्रीडादिनाचा, आपण सगळे जण कपाळाला आठ्या घालून उभे. यात रागाचे कारण काही नाही. साध्या कॅमेऱ्याला भरपूर ऊन लागे आणि सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असावा हा नियम, म्हणजेच तो आपल्या डोळ्यांत. दुसरी गोष्ट, जवळून काढलेला चेहरा क्वचितच. भिंग पक्के बसवलेले. सुमारे १० फुटांच्या आत आलेला माणूस धूसर होई. म्हणून सगळे पायांतल्या चपलांसह, किंवा अनवाणी पायांसह, पुरते उभे दिसतात. कोणाच्या पायांत काय होते हे आज त्या फोटोंतून कळते, आणि त्या काळच्या घरांबद्दल ते बरेच सांगून जाते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आलेल्या चौकोनी फोटोंत वर्गाच्या आतला फोटो एकही नाही. पायऱ्यांवरचे आहेत, झेंड्याजवळचे आहेत, मैदानावरचे, झाडाखालचे आहेत. पण फळ्यावर खडूने लिहिणारे गुरुजी नाहीत, बाकांवर वाकलेली डोकी नाहीत, प्रयोगशाळेतले टेबल नाही, मुलींच्या बाजूची खिडकी नाही. शाळेत आपण जेथे सर्वांत जास्त वेळ बसलो, त्याच जागेचा पुरावा नाही. कारण तेच: भिंगाचे तोंड लहान, शटर साधारण सेकंदाच्या तिसाव्या भागाचे, आणि वर्गात उजेड कमी. तेथे काढलेला फोटो काळा पडे आणि १२ मधला एक वाया जाई. म्हणून कोणी काढलाच नाही. फोटो पाहून पुढची पिढी म्हणेल, ही मुले कायम मैदानावरच होती. ज्यांनी आपल्याला वर्गात शिकवले त्यांना या समजुतीचे काय वाटले असते, ते सांगायला नको.

आणि बारा हा आकडाच घ्या. ज्या घरी कॅमेरा, त्या घरचा मुलगा किंवा मुलगी वर्गात एखादीच. त्यातले पहिले दोन-तीन फोटो घरच्यांचे, एक-दोन वाया जाणार हे धरलेले. उरलेल्या सहा-सातांत सहलीचे दोन दिवस बसवायचे. त्यामुळे कोणाला फोटोत घ्यायचे याची निवड होई. वर्गातले पुढारी, कॅमेरावाल्याचे मित्र, पहिला नंबर काढणारी मुले वारंवार दिसतात. काही जण एकदाच दिसतात, मागच्या रांगेत, अर्धे. काही जण दिसतच नाहीत.

रोल धुऊन आला की स्टुडिओत निगेटिव्ह कागदावर ठेवून तेवढ्याच मापाच्या कॉपी काढत. आपले सव्वादोन इंचांचे चौकोन ते हेच. ज्याला कॉपी हवी त्याने पैसे द्यायचे. तेव्हा वर्गात वहीचे पान फाडून यादी होई, आणि त्या यादीत नाव न घालणारेही बरेच असत. नको होता म्हणून नव्हे. कॉपीच्या पैशांत घरचे काहीतरी येत होते म्हणून. त्यांच्याकडे आज दाखवायला एकही फोटो नाही. पण त्या दिवशी ते तेथे उभे होते आणि निगेटिव्हमध्ये आहेत. मोठी कॉपी काढताना तर आणखी एक गोष्ट होई. निगेटिव्ह चौकोनी, आणि पोस्टकार्ड साडेपाच बाय साडेतीन इंचांचे. चौकोनाचे आयत करायचे तर शंभरातले सुमारे छत्तीस भाग कापावे लागतात. उभे कार्ड काढले तर दोन्ही बाजू जातात. कडेला कोण उभे राहते? लाजणारे, उशिरा आलेले, नव्याने वर्गात आलेले. आणि आपले शिपाईमामा, ज्यांना ‘या ना मामा’ म्हणून बोलावले की ते रांगेच्या टोकाला, हात मागे बांधून, जरा अंतर ठेवून उभे राहत.

म्हणून ही विनंती. आपण सर्वांनी फोटो पाठवले. आता निगेटिव्ह शोधा. अल्बमच्या मागच्या कप्प्यात, जुन्या मिठाईच्या डब्यात, आईच्या ट्रंकेत, स्टुडिओच्या पिवळ्या पडलेल्या पाकिटात ती असतील. दिसायला काळपट, करंगळीहून लांब चौकोनी तुकडे. काय आहे ते कळत नाही म्हणून अनेक घरांत ती आवराआवरीत जातात. बंद पडलेल्या स्टुडिओंतली तर चांदी काढण्यासाठी भंगारातही गेली आहेत. १२० च्या एका निगेटिव्हचे क्षेत्रफळ छत्तीसवाल्या छोट्या रोलच्या निगेटिव्हच्या साडेतीन पटींहून जास्त असते. त्यामुळे भिंग साधे असले तरी मागच्या रांगेतला चेहरा मोठा करून ओळखता येण्याची आशा असते. फोटोत जो ठिपका वाटतो, तो निगेटिव्हमध्ये माणूस असू शकतो.

दोन सूचना. निगेटिव्हला शिरक्याचा वास येत असेल तर ती आतून नासू लागली आहे. तिला इतरांपासून वेगळे करा आणि लवकर द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा माळ्यावर ठेवू नका. साध्या कागदी पाकिटात, कोरड्या कपाटात ठेवा. फोटोंच्या मागे नावे लिहायची तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो.

मेळाव्याच्या दिवशी सभागृहाच्या दाराशी एक टेबल असेल, त्यावर मागून उजेड देणारी काच आणि भिंग. आणलेली निगेटिव्ह तेथेच पाहू, त्यांच्या प्रती करून घेऊ आणि मूळ तुमची तुम्हाला परत देऊ. शेजारी एक वही ठेवली आहे. तिच्यात तुकडीनुसार पाने आहेत आणि प्रत्येक पानावर दोन रकाने: ‘ओळखलेले’ आणि ‘न ओळखलेले’. दुसऱ्या रकान्यात आज ४३ जण आहेत. त्यांतले काही त्या दिवशी स्वतःच तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले असतील.